मी ‘नाकारा’ दाबलं होतं

सोमवार, ३ मार्च

आज दुकानात सरकारी पत्र आलं. सव्वीस वर्षांत असलं पहिलंच, म्हणून लिहून ठेवते. एरवी केसांच्या टोपाची जाळी लाकडी डोक्यावर वाळत असते त्या दुपारच्या वेळात मी ही वही उघडते. आज जाळी ओली केलीच नाही.

पत्र गोपनीयता कार्यालयाचं आहे. असं कार्यालय असतं हेही मला ठाऊक नव्हतं. एका व्यक्तीने तक्रार केली आहे, नाव दिलेलं नाही. आमच्या वेबसाइटवर शिरताना परवानगीची जी पट्टी येते, तिच्यावर तिने ‘नाकारा’ दाबलं. तरी तिची माहिती जाहिरातवाल्यांकडे गेली आणि तिला त्याचा त्रास झाला. तीस दिवसांत लेखी खुलासा करा.

मला म्हणे खुलासा करा. मी केसांचे टोप बनवते. येणारी बहुतेक माणसं औषधोपचारांत केस गेलेली. दुकान पहिल्या मजल्यावर, दारावर पाटी नाही. दोन गिऱ्हाइकांची जिन्यात गाठ पडू नये म्हणून दोन वेळांच्या मध्ये अर्धा तास रिकामा सोडते. रस्त्यात कुणी दिसलं तर त्यांनी ओळख दिल्याशिवाय मी देत नाही. एकदा एका लग्नात माझ्याच हातचा टोप घातलेली बाई शेजारी जेवायला बसली, तिला मी “आपण मुलीकडच्या का?” असं विचारलं. आणि मला हे लोक गोपनीयता शिकवणार.

हे म्हणाले, “पत्र उद्या परत वाच. रागावून वाचलं की अर्धंच कळतं.” पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं लोकांची पत्रं वाचली आहेत यांनी, तेव्हा ऐकून घेतलं.

मंगळवार, ४ मार्च

परत वाचलं. तेच लिहिलंय.

वेबसाइट लेकीची. दोन वर्षांपूर्वी ऑफिस सोडून ती माझ्या धंद्यात आली आणि वर्षभरात तिने दुकान इंटरनेटवर नेलं. आता निम्म्या ऑर्डरी तिकडून येतात, जिथे टोप बनवणारं कुणीच नाही अशा लांबच्या गावांहून. तिचा मला अभिमान आहे. तिला तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

“ती पट्टी तू केलीस?” मी विचारलं.

“तयार मिळते आई. मी फक्त चिकटवली.”

“आणि ‘नाकारा’ दाबलं की काय होतं?”

“पट्टी जाते.”

“आणि?”

“आणि काय होतं ते बघायला हवं.”

यांनी चष्मा लावून कायद्याची माहिती वाचायला घेतलीच होती. “हे कुकी कुकी काय आहे?”

“वेबसाइट आपल्या यंत्रात एक चिठ्ठी ठेवते बाबा. पुढच्या वेळी आलात की त्यावरून ओळखते. काही चिठ्ठ्या कामाच्या असतात, म्हणजे तुम्ही टोपलीत काय टाकलंय ते लक्षात ठेवायला. काही जाहिरातवाल्यांच्या असतात. तुम्ही इथून कुठे जाता, काय बघता, हे त्यांना कळतं.”

“आणि चिठ्ठीला बिस्किटाचं नाव,” हे म्हणाले. “खाऊ देऊन घरची माहिती काढायची जुनी पद्धत आहे.”

लेक हसली नाही.

गुरुवार, ६ मार्च

लेक आज पुन्हा तीन ते पाच बाहेर. जानेवारीपासून दर गुरुवारी हेच. “काम आहे” एवढंच सांगते. मला छोटी कात्री हवी होती म्हणून तिच्या पिशवीत सहज पाहिलं. कात्री नव्हती. एक कार्ड होतं, त्यावर फक्त वार, वेळ आणि एक फोन नंबर. कुणाचं नाव नाही, जागा नाही. नंबर या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवला, असू दे म्हणून. तिच्या मैत्रिणीला फोन करून आडून आडून विचारलं. तिला माहीत नव्हतं, किंवा तिने सांगितलं नाही.

एका घरात राहून इतकं काय लपवायचं असतं, कोण जाणे.

शनिवार, ८ मार्च

आज तिघं संगणकासमोर बसलो. लेकीने एक कोरी खिडकी उघडली, म्हणजे यंत्राला आपण कोण ते आठवत नाही अशी. बाजूला एक यादी. आपलं पान उघडताना कुणाकुणाशी बोलतं, ते त्या यादीत दिसतं म्हणे.

“कुणीही कशाला हात लावू नका,” ती म्हणाली आणि आपली वेबसाइट उघडली.

पट्टी आली. ‘स्वीकारा’ हिरवं, मोठं. ‘पर्याय’ राखाडी, मुंगीएवढं. यादीत तोवर नऊ नावं. त्यातलं एकच आमचं.

“अजून आपण काही दाबलंच नाही,” मी म्हटलं.

“हो.” तिचा आवाज बारीक झाला होता. तिने ‘पर्याय’ उघडलं. आत सगळ्या खुणा आधीच केलेल्या. खाली, पार तळाशी ‘नाकारा’. तिने ते दाबलं. पट्टी गेली. यादीत नऊची अकरा नावं झाली.

यांनी कागदावर उतरवलेलं वाचून दाखवलं. आधी विचारायचं, मग चिठ्ठी ठेवायची. हो म्हणणं जितकं सोपं तितकंच नाही म्हणणं सोपं हवं. आधीच केलेली खूण म्हणजे होकार नव्हे. दिलेली परवानगी कधीही परत घेता आली पाहिजे. आणि पट्टी कुणीही बनवलेली असो, वेबसाइट ज्याची तो जबाबदार.

“म्हणजे ते दार नव्हतंच,” मी म्हटलं. “भिंतीवर दाराचं चित्र काढलेलं होतं.”

“सगळीकडे असंच असतं आई.”

“सगळीकडचं मला सांगू नकोस. बायका माझ्या नावावर येतात.”

ती उठून आत गेली. मी जरा जास्तच बोलले. पण खोटं नाही बोलले.

सोमवार, १० मार्च

तक्रार करणारी कोण, हे डोक्यातून जात नव्हतं. मापाची वही काढली. पहिल्या गिऱ्हाइकापासूनची मापं आहेत तिच्यात, कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत, शेजारी नाव, नंबर, आजार, कोण कुणाबरोबर आलं, कोण रडलं. गेल्या वर्षाची पानं चाळली आणि तीन नावं काढली. त्यातलं एक तर पक्कं वाटलं. ग्रंथालयातल्या बाई. वाचणारी बाई, कायदे माहीत असणार, आणि दुसऱ्या फिटिंगला आल्याच नव्हत्या.

फोन केला. टोप नीट बसतोय ना, असं विचारलं. निमित्त हवं म्हणून.

त्यांनी आवाज एकदम खाली आणला. मग म्हणाल्या, “मी आता बरी आहे. टोप देऊन टाकला. माझा नंबर तुमच्याकडे अजून कसा?”

“मापाच्या वहीत असतो.”

“मी कामावर आहे. समोर माणसं आहेत.” आणि फोन ठेवला.

तक्रार या बाईंची नाही, हे आवाजावरून कळलं. निदान एक नाव कमी झालं.

मंगळवार, ११ मार्च

लेकीला फोनबद्दल सांगितलं. मला वाटलं म्हणेल, बरं झालं.

तिने हातातलं काम खाली ठेवलं. “नंबर घेताना तू त्यांना काय सांगितलं होतंस?”

“टोप तयार झाला की कळवीन.”

“मग तो टोप तयार होऊन वर्ष झालं, आई.”

“मी काय जाहिरात केली का? चौकशी केली.”

“त्यांना लोकांसमोर आजारपण आठवायला लावलंस. आपल्या शंकेसाठी.” आणि मग हळू आवाजात, “माझी पट्टी चुकली ते मला कबूल आहे. पण पट्टीला निदान कळत नव्हतं.”

मी यांच्याकडे बघितलं. हे माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. म्हणाले, “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ,” आणि पुढची ओळ न म्हणता वर्तमानपत्र उघडलं.

संध्याकाळी बाईंची माफी मागायला फोन उचलला आणि तसाच ठेवला. माफी मागायची तरी त्याच नंबरवर.

शुक्रवार, १४ मार्च

कार्यालयातल्या अधिकारी बाईंचा फोन आला. आवाज तरुण आणि सावकाश. मी विचारलं, तक्रार कुणाची? त्या म्हणाल्या, “ते मी सांगू शकत नाही. पण तुमची तयारी असेल तर त्या स्वतः भेटायला तयार आहेत. तेवढ्यापुरती त्यांनी परवानगी दिली आहे.”

तेवढ्यापुरती. हा शब्द दिवसभर मनात राहिला.

बुधवार, १९ मार्च

आज ती येऊन गेली. माझ्या वहीतल्या तीन नावांपैकी कुणीच नव्हती. दुकानात कधी आलेलीच नव्हती. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचं काम करते. चाळिशीची असेल, उंच, डोक्याला घट्ट रुमाल, हातात हेल्मेट. नाव तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथे तिला लिफ्टवाली म्हणते.

लेक उठून जायला लागली, तेव्हा ती म्हणाली, “बसा. वेबसाइट तुम्हीच केलीत ना?”

मग तिने सगळं सांगितलं, तपासणीचा अहवाल द्यावा तसं. आईच्या माघारी ती आणि वडील दोघंच. नोव्हेंबरमध्ये तिचा आजार कळला. वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ते पार पडलं की सांगायचं, असं तिने ठरवलं. घरात एकच टॅब्लेट. एका दुपारी तिने आमची वेबसाइट बघितली, पंधरा मिनिटं. ‘नाकारा’ दाबलं, तारीख आणि वेळ लिहून ठेवली.

“कशाला लिहिलीत?” मी विचारलं.

“सवय. बटण दाबलं की मी वेळ लिहिते.”

वडील त्याच टॅब्लेटवर बुद्धिबळ खेळतात. दुसऱ्या दिवसापासून दर डावानंतर एक जाहिरात यायला लागली. ‘उपचारांच्या काळातही पूर्वीसारखे केस.’

ते वाक्य माझं आहे. लेकीला मीच लिहून दिलं होतं.

“पहिल्या दिवशी त्यांनी मला ते हसत दाखवलं,” ती म्हणाली. “टकलावरून हात फिरवला. त्यांना वाटलं, जाहिरात त्यांच्यासाठी आहे. चौथ्या दिवशी हसले नाहीत. मी भांडी घासत होते. मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तुला काय झालंय? हाताला साबण होता. तसंच सांगितलं.”

लेक खाली बघत होती.

“ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं. आधी तुझं, म्हणाले. आता माझं निम्मं झालंय आणि त्यांना एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही.” तिने हातातलं हेल्मेट मांडीवर ठेवलं. “मला सांगायचंच होतं हो. पण माझ्या तोंडून, मी ठरवलेल्या दिवशी. बातमी माझी होती.”

मी पाणी दिलं. दुसरं काय सुचणार? लोकांनी विश्वासाने डोकं माझ्या हातात द्यायचं आणि आपण केसाने गळा कापायचा, हे एवढंच मनात येत होतं.

“तुम्हाला काय हवंय?” लेकीने विचारलं. “दंड?”

“दंडाचं ते कार्यालय बघेल. लिफ्टमध्ये थांबवायचं लाल बटण असतं. ते दाबल्यावर लिफ्ट थांबली नाही, तर मी बटण दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवते. लोक चिडतात, चार मजले चढतात. मी बंदच ठेवते.”

जाताना लाकडी डोक्यावरच्या अर्ध्या टोपाकडे बघून म्हणाली, “हेल्मेटखाली बसतो का हा?”

“बसेल असा करता येतो. जाळी पातळ घ्यायची, गाठी मागे कमी.”

“विचारून ठेवलं,” म्हणाली आणि गेली. माप दिलं नाही. नंबर दिला नाही. मी मागितला नाही.

शुक्रवार, २१ मार्च

वेबसाइट परवाच लेकीने बंद केली, लिफ्टवाली जिना उतरत होती तेव्हाच. आज आमचं भांडण झालं, पण निराळ्याच गोष्टीवरून.

मी म्हटलं, जाहिरातवाले सगळे काढून टाक, एकही नको. ती म्हणाली, “आई, मागच्या महिन्यात ती डोंगरापलीकडची मुलगी आठवते? सहा महिने घराबाहेर पडली नव्हती. तिला आपण जाहिरातीतूनच सापडलो. पट्टी खरी करू, दोन्ही बटणं सारखी करू, नाही म्हटलं की खरंच काही जाणार नाही असं करू. कायदा एवढंच मागतो. ज्यांना दुकानाचा जिना चढता येत नाही त्यांनी आपल्याला शोधायचं कसं?”

ती चुकीचं बोलत नव्हती.

“आणि जी बाई घाबरलेली आहे,” मी म्हटलं, “कालच डॉक्टरांनी सांगितलंय, पट्टीवरचं अक्षर दिसतही नाही, आणि समोर येईल ते दाबते, तिचं काय? हो म्हणाली म्हणून आपण मोकळे?”

हे मध्ये पडले. “काही मागायचंच नसेल तर परवानगी लागते का?”

लेक म्हणाली, “नाही. टोपली लक्षात ठेवण्याची एक चिठ्ठी तेवढी राहील, तिला विचारावं लागत नाही. मग पट्टीच नको.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण मग मला काहीच दिसणार नाही. किती आले, कुठून आले, का परत गेले. आंधळी कोशिंबीर.”

“सव्वीस वर्षं मी तशीच खेळतेय,” मी म्हटलं.

शेवटी ठरलं. कुणाच्या मागे जाणाऱ्या जाहिराती बंद. उपचारांची माहिती देणाऱ्या पानांवर आणि इस्पितळातल्या पुस्तिकेत आपल्या जाहिरातीची चौकट द्यायची. जो वाचेल त्याला दिसेल, त्याच्या मागे घरी जाणार नाही. ही चौकट लेकीने सुचवली. मी तिला “डोकं चांगलं चालतं तुझं” म्हटलं. तिने चमकून बघितलं.

सोमवार, २४ मार्च

जाहिरात कंपनीला लेकीने लिहिलं होतं, आमच्याकडून आलेली सगळी माहिती पुसून टाका. आज उत्तर आलं. ‘आपली विनंती मिळाली आहे.’ यंत्राने लिहिलेलं. पुसली की नाही, ते नाही. लेकीने परत लिहिलं. परत तेच उत्तर. वाऱ्यावर गेलेला केस कुठे शोधणार?

दुपारी मापाची वही घेऊन बसले. ज्यांचं काम संपून दोन वर्षं झाली त्यांची नावं, नंबर, आजार, सगळं कापायचं आणि नुसतं माप ठेवायचं. कात्री चालेना. काही पानांवर तर फक्त वहीतच उरलेली माणसं आहेत. एक बाई टोप घालून आरशात बघून म्हणाली होती, “ही मी आहे.” पुढच्या आठवड्यात गेली. तिचं पान मी कापलं, पण वाक्य इथे लिहिलं. नाव लिहिलेलं नाही, म्हणजे चालेल असं वाटतं.

ग्रंथालयातल्या बाईंचं पान सगळ्यात आधी कापलं.

मंगळवार, १ एप्रिल

खुलासा पाठवला. यांनी मसुदा केला होता, ‘अनवधानाने’, ‘तांत्रिक कारणास्तव’ वगैरे. लेकीने ते सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘त्यांनी नाकारलं होतं. आमच्या वेबसाइटने ऐकलं नाही. आम्ही कधी तपासलं नव्हतं.’ खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या.

गुरुवार, ३ एप्रिल

पावणेतीनला लेक चप्पल घालत होती. मी म्हटलं, “मार्चमध्ये मी तुझ्या पिशवीत पाहिलं होतं.”

“माहीत आहे. कात्री कधी पिशवीत असते का आई? आणि मैत्रिणीने त्याच दिवशी सांगितलं मला.”

“नंबर उतरवून घेतला होता. फोन केला नाही. पान फाडून टाकलंय आता.”

तिने दुसरी चप्पल घातली. मग मी विचारलं, “कुठे जातेस, ते विचारू का?”

“आज नको. आजारी नाहीये मी, आणि वाईट काही नाही. सांगेन. पण आज नको.”

“बरं,” मी म्हटलं.

ती दारात उगाच उभी राहिली, मी आणखी काही विचारीन म्हणून. मी जाळी ओली करायला घेतली. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकली. आज पाच वाजायला फार वेळ लागला.

शुक्रवार, २५ एप्रिल

कार्यालयाचा निर्णय आला. ताकीद दिली, दंड नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. प्रत तक्रारदारालाही पाठवली आहे. लिफ्टवाली आलेली नाही. वडिलांच्या डोळ्याचं काय झालं, ते मला कळायला काही मार्ग नाही, आणि तो शोधायचाही नाही.

वेबसाइट पुन्हा सुरू होऊन तीन आठवडे झाले. एकही ऑर्डर नाही. लेक पडद्याकडे बघते. तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी बघते. जुन्या ऑफिसात परत जाईन म्हणते की काय, अशी भीती वाटते. तिला विचारलेलं नाही.

मंगळवार, ६ मे

सकाळी ऑर्डर आली. एकच.

“हिला आपण कुठून कळलो असू?” लेक म्हणाली. पुस्तिका, माहितीचं पान, की कुणाच्या तोंडून? कळायची सोय नाही. ऑर्डरबरोबर एक चौकोन असतो, सूचना लिहायला. त्यात लिहिलंय, ‘पार्सलवर दुकानाचं नाव नको. आतल्या कागदावरही नको.’

रंग आणि वळण कळावं म्हणून फोटो मागतो आम्ही. तिने पाठवलाय. भुवयांच्या खालचा भाग कापून टाकलाय. डोळे नाहीत, हसू नाही, शेजारी कोण उभं होतं तेही नाही. फक्त कपाळ आणि केस.

लेकीने फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. “एवढ्यावर जमेल?”

मी बघितलं. भांग डावीकडे. कपाळावर मध्यभागी एक हट्टी भोवरा, केस वर उचलणारा. कडेला चार पांढरे, लपवलेले नाहीत. उन्हात फिरणारी बाई, टोकांना तांबूस झाक.

“जमेल,” मी म्हटलं. “चार पांढरेही घालू.”

लेकीने खुर्ची ओढून घेतली आणि तांबूस बटांची पेटी माझ्याकडे सरकवली. भोवऱ्यापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत गाठींच्या पाच ओळी झाल्या.